शाळेचे कॉम्प्युटर आणि आमची निवड

मंगळवार, ६ जाने.
अंगारकी. उपास. साबुदाणा भिजवायला विसरले, भगरीवर भागवलं.
शाळेच्या मोठ्या बाई सकाळी घरी आल्या. कॉम्प्युटरच्या खोलीत पोषण आहाराची पोती ठेवायची असं शाळा समितीचं म्हणणं पडलंय. कॉम्प्युटर जुने, चालू व्हायला भाकरी भाजून होते तेवढा वेळ लागतो, मग मुलं कंटाळतात. २६ ला झेंड्यानंतर समिती बघणार. चालले तर खोली राहील, नाही तर भंगारात. सूनबाई अश्विनीचं कॉम्प्युटरचं शिक्षण झालंय हे बाईंना कुठून कळलं कोण जाणे. चालले तर आठवड्यातून दोनदा मुलांना शिकवायला येशील का, असंही विचारलं.
अ. ने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, बघ बाई तुझं तू. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते लग्नानंतर मी पाहिलं नव्हतं.

गुरुवार, ८ जाने.
दत्ताची आरती करून अ. जवळ बसले. ती माहेरचा, जामखेडचा, लॅपटॉप घेऊन बसलेली. म्हणते, कॉम्प्युटरवर विंडोज टाकतात ती एक मोठी फाईल असते. तिच्यात शंभर गोष्टी न मागता येतात. ती फाईलच आधी उघडायची, नको ते काढायचं, परत बंद करून पेनड्राईव्हवर घ्यायची. मग ज्या कॉम्प्युटरवर टाकू त्यावर नको ते येतच नाही.
म्हणजे दळणाआधी धान्य निवडायचं. पिठातून खडा निघत नाही. हे मला लगेच पटलं.
ह्यांना पटलं नाही. "त्या डबड्यांपायी तूर राहिली हाय काढायची," म्हणाले आणि पायताण घालून गेले. संदीप सुप्याला कंपनीत, शिफ्टवर. फोनवर म्हणाला, आई तू सांभाळ. नेहमीचंच.

शनिवार, १० जाने.
दुपारी निवड केली, दोघींनी. ती नाव वाचायची, काय ते सांगायची, मी म्हणायची काढ किंवा ठेव. पत्त्यांचे खेळ. काढ. हवामान, बातम्या. काढ, आकाश दिसतंय. दुकानासारखं काहीतरी. काढ. टायपिंग, चित्रं काढायचं. ठेव.
मग गाणी-सिनेमा लावायचं. ती जरा थांबली. मी म्हटलं, शाळेत गाणी-सिनेमा कशाला? विद्येचं मंदिर आहे ते. काढ.
काढलं. फाईल बरीच हलकी झाली. मला भांड्यांची मांडणी आवरल्यासारखं हलकं वाटलं. आपण एवढी वर्षं हेच करत आलो, काय वाया जातंय ते बघत. तेही कुठे कामाला येईल असं वाटलं नव्हतं.

बुधवार, १४ जाने.
संक्रांत. वाण दिलं. सगळ्या कॉम्प्युटरवर अ. चं काम टाकून झालं. झटकन चालू होतात म्हणे. बाईंनी २० ला शाळेत आयांचं हळदीकुंकू ठेवलंय, तेव्हा सगळ्यांना दाखवायचं. अ. ने लग्नातली साडी इस्त्री करून ठेवली. बघून बरं वाटलं.

मंगळवार, २० जाने.
काय लिहू.
हळदीकुंकू झालं. बायका खोलीत. कॉम्प्युटर चटकन लागले, सगळ्या वा म्हणाल्या. मग बाईंनी पहिलीच्या कवितांचा व्हिडिओ लावायला घेतला. लागेना. दुसरा, तोही नाही. सगळे धडे व्हिडिओतच.
शेजारच्या कुसुमताई म्हणाल्या, "सूनबाईंनी कॉम्प्युटर पार मुकाच केला की."
हसल्या सगळ्या. समितीच्या अध्यक्षांची बायको म्हणाली, ठेवा मग पोती.
अ. म्हणाली, "माझ्याकडून राहिलं, बाई."
मी तिथंच होते. हातात वाण. तोंड उघडलं नाही.

बुधवार, २१ जाने.
अ. ने मूळ फाईलपासून परत सुरुवात केली. भाकऱ्या, धुणं, सगळं वेळेवर. मला काही विचारलं नाही. मी दोनदा जाऊन उभी राहिले. "पाणी हवंय का आई?" एवढंच.
जपात लक्ष लागलं नाही. मणी सरकत होते नुसते.

शुक्रवार, २३ जाने.
शाळेत गेले. बाईंना सांगितलं की गाणी-सिनेमा काढ असं मी म्हटलं होतं, पोरीची चूक नाही. बाई म्हणाल्या, कोणी काढलं ते राहू द्या काकू, सोमवारी चाललं पाहिजे. पोत्यांचा टेम्पो समितीनं सांगून ठेवलाय.
घरी येऊन अ. ला सांगितलं. ती लसूण सोलत होती. म्हणाली, कशाला गेलात. मग लसणाची सालं गोळा करत म्हणाली,
"तुम्ही काढ म्हणालात तेव्हा मला माहीत होतं आई, हे लागेल. तुम्हाला नाही म्हणता येत नाही मला. म्हणून या वेळी विचारलंच नाही."
मी सासूला कधी नाही म्हटलं होतं का? आठवून पाहिलं.

रविवार, २५ जाने.
ह्यांनी तूर एकट्यानं काढली, मजूर लावून. बोलले नाहीत, म्हणजे राग आहे.
दुपारी अ. ने हाक मारली. शेवटचं एकच राहिलंय म्हणाली. पडद्यावरची अक्षरं भिंगासारखी मोठी करून दाखवणारं. व्हिडिओचं परत घेतल्यामुळे फाईल जड झालीय, जुने कॉम्प्युटर पुन्हा रेंगाळतायत. "काढू का ठेवू?"
मी खरं तेच सांगितलं. काढ, मुलांचे डोळे चांगले आहेत.
ती स्क्रीनकडे बघत राहिली. मग म्हणाली,
"नाही आई. राहू दे. मागं बसणाऱ्यांना लागतं."
राग आला. मग गेला. मी उठून चहा ठेवला, दोघींचा.
फाईल बंद करून पेनड्राईव्ह घेऊन ती शाळेत गेलीय, बाई कुलूप उघडून बसल्यात. दिवेलागण झाली, अजून आली नाही. टेम्पो अध्यक्षांच्या दारात आजच येऊन उभा आहे.