यमू म्हणाली, मला ने

ठाणे, कार्तिक वद्य तृतीया

आज कल्याणहून अक्का आली. माझी थोरली बहीण. तिला मूलबाळ नाही. म्हणाली, "तुला एकदम तीन झाले, त्यातला एक मला दत्तक दे." हिने आठ महिन्यांची तिन्ही बाळं जवळ ओढली. कोणता देणार? आणि अक्काला नाही तरी कसं म्हणू?

तेवढ्यात आमची थोरली, चार वर्षांची यमू पुढे आली. "आत्या, मला ने. मी माझी माझी जेवते."

अक्काचे डोळे भरले. "नको रे, कुणालाच तोडून नेत नाही," म्हणाली आणि एकटीच परत गेली.

माझी माझी जेवते! पोरीला मी शेवटचं कधी उचललं? आठवेना. संध्याकाळी तिला कडेवर घेऊन तलावावर गेलो.

"बाबा, घरी बाळं रडतील."

"रडू देत," म्हटलं.