सुईसारखा स्फटिक

२ फेब्रुवारी

पोचले एकदाची! स्टेशनवर येऊ नकोस असं ताईला दहा वेळा बजावलं होतं, तरी बाईसाहेब हजर. गळ्यात शिवणाची मोजपट्टी तशीच लटकलेली. भरगर्दीत तिनं माझे खांदे मोजले आणि जाहीर केलं की मी वाळलेय. भावजी गेल्यापासून ती या घरात एकटीच असते. पुढच्या खोलीत तिचं शिवणाचं मशीन आणि गिऱ्हाइकांचे कपडे, मधली खोली झोपायची, मागं स्वयंपाकघर. खिडकीजवळचा पलंग मला दिलाय. रसायनशास्त्रातली डॉक्टर झालीस तरी भांडी तुलाच घासायची आहेत, हेही लगोलग सांगून टाकलं.

हे शहर मला आवडणार असं वाटतंय. उद्या संस्थेत रुजू व्हायचं.

३ फेब्रुवारी

संस्थेची इमारत तीन मजली. तळमजल्यावर जीवशास्त्रवाले, वर भौतिकशास्त्रवाले आणि मधे आम्ही. आमच्या गटात तिघंच. मॅडम प्रमुख. त्या भरभर बोलतात आणि समोरचा चहा गार होऊ देतात. दुसरे भिंगकाका. आयुष्य सूक्ष्मदर्शकावर वाकून गेल्यामुळे चालतानाही थोडे वाकलेलेच असतात. तिसरी मी.

काम ऐकून ताई भलतीच खूश झाली. आपल्या सांध्यांत बुळबुळीत वंगण असतं. त्यातला एक घटक वय झालं की आटतो आणि गुडघे कुरकुरायला लागतात. मॅडमनी तो घटक काचेच्या भांड्यात तयार केलाय. केसांना लावायच्या जेलसारखा मऊ आणि पारदर्शक. खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या सशांना तो टोचला, तर ते पिल्लांसारखे उड्या मारू लागले. ताईनं तिच्या गुडघ्यांसाठी आत्ताच एक बाटली सांगून ठेवलीय.

११ फेब्रुवारी

काल संध्याकाळी जेल बनवून ठेवलं होतं. सकाळी पाहते तर भांड्यात जेल नाहीच, बारीक चकाकत्या सुयांचा गच्च भारा. चुकलं असेल म्हणून पुन्हा बनवलं. डोळ्यांदेखत ढवळता ढवळता ते थिजलं. मग कपाटातल्या जुन्या बाटल्या काढल्या. त्याही तशाच.

भिंगकाकांनी कण काचेवर घेतला, बराच वेळ पाहिला आणि मला खुर्ची दिली. इतकं देखणं काही मी आजवर पाहिलेलं नाही. निळसर सुया, एकीच्या कुशीतून दुसरी निघालेली, कुठं बोट ठेवायला जागा नाही. काकांनी समजावलं की पदार्थ तोच आहे, फक्त आतली रचना बदललीय. त्याच विटा, भिंत वेगळी. आणि ही भिंत जास्त पक्की. असा पक्का स्फटिक एकदा जन्मला की त्याचा धुळीएवढा कण विरजणासारखं काम करतो. जिथं पडेल तिथलं सगळं आपल्यासारखं करून सोडतो. जुनी मऊ रचना मग कितीही डोकं आपटलं तरी परत येत नाही.

मॅडम आधी हिरमुसल्या. मग एकदम उठून म्हणाल्या की याला फसलेला प्रयोग म्हणायचं नाही. हा शोध आहे.

१५ फेब्रुवारी

दर बुधवारी खालच्या सभागृहात कुणाला काय नवं सापडलं ते सांगायचं असतं. वरच्यांनी एक धातू दाखवला, त्यातून वाहताना वीज वाटेत वायाच जात नाही म्हणे. खालच्यांनी प्लास्टिकवर जगणारे जिवाणू दाखवले. मग मॅडमनी मला पुढं केलं. बोलले एकदाची. सुयांची बाटली सगळ्यांच्या हातून फिरली. कुणी झाकण उघडून हुंगलं, कुणी बोटावर घेऊन उजेडात धरलं. टाळ्या पडल्या. मी घरी आले ती तरंगतच.

दारातच ताईनं माझ्या बाहीवरून काहीतरी चकाकणारं नखानं टिपलं. तिला वाटलं, ड्रेसवरची टिकली सुटलीय. झटकून टाकलं.

२० फेब्रुवारी

दुसऱ्या शहरातल्या एका प्रयोगशाळेत आमचं जुनं जेल ठेवलेलं होतं. मॅडम ते बघायला गेल्या. तोवर ते मऊ होतं. त्या परतल्या आणि पाठोपाठ तिथून फोन आला, तेही थिजलं. कपड्यांवरून गेलं असणार. मॅडम हसत होत्या. भिंगकाका हसले नाहीत. त्यांची करंगळी सरळ होत नाहीये. वयाचं आहे म्हणाले.

२४ फेब्रुवारी

सशांकडे बघणाऱ्या बाई वर आल्या आणि आम्हाला खाली घेऊन गेल्या.

ससे बसले होते. सगळेच. फक्त नाकं हलत होती. बाईंनी एकाला उचललं तर तो बसल्या आकारातच वर आला, पाय दुमडलेले, खेळण्यातल्या लाकडी सशासारखा. खाली ठेवला तसाच राहिला. डोळे मात्र आमच्यावरून फिरत होते. गाजर तोंडाशी धरलं. हुंगलं. जबडा उघडेना.

यातल्या निम्म्या सशांना आम्ही कधी काही टोचलेलंच नव्हतं.

वर येऊन भिंगकाकांनी स्वतःच्या सांध्यातलं थोडं पाणी सुईनं काढलं आणि काचेवर घेतलं. पाहून झाल्यावर कितीतरी वेळ बेसिनवर हात धूत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आपण बनवलेला घटक आणि अंगातला घटक वेगळे नाहीत गं. एकच आहेत ते."

२७ फेब्रुवारी

संस्था बंद केली. मॅडमनी आरोग्य खात्याला कळवलं. तिथल्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं की उपाय काय. आमच्याकडे उपाय नाही. ज्यात या सुया विरघळतात ते अंगात घालता येत नाही. पाणी उकळतं त्याहून जास्त आच दिली तरच त्या वितळतात. आम्ही आलटून पालटून सगळं करून पाहिलं. काकांना आता काचपट्टी धरता येत नाही, ती मी धरते. मॅडमची मान एका बाजूला वळलेली आहे. त्या पूर्ण अंगानं वळून बोलतात.

बाटली सभागृहात फिरवली होती. त्या दिवशी तिथं आलेले सगळे नंतर आपापल्या घरी गेले, बाजारात, बसमध्ये, पोरांना जवळ घेतलं. हे परत कसं गोळा करायचं?

१ मार्च

ताईच्या हातून सुई पडली. तिनं उचलली, पुन्हा पडली. चिडली स्वतःवर. आज धड काही होत नाही म्हणाली, अंगठा आखडलाय, जास्त शिवण झालं असेल.

मी सांगितलं. सगळं, बाहीवरच्या टिकलीसकट. वाटलं ओरडेल, निदान रडेल. ती अंगठ्याकडे बघत बसली. मग म्हणाली, "ठमे, तुझा हात दाखव बघू."

माझी मधली दोन बोटं सकाळपासून जड आहेत. तिला सांगितलं नव्हतं. तिनं ती आपल्या हातात घेतली, तेल कोमट करून आणलं आणि चोळत राहिली. काही उपयोग नाही हे मला माहीत होतं. चोळू दिलं.

४ मार्च

दूध आणायला म्हणून निघाले. कोपऱ्यावरचा फळवाला गाडीपाशी उभा होता, एक हात तराजूकडे लांबवलेला. कुणीतरी त्याच्या डोक्यावर टॉवेल टाकला होता, उन्हासाठी. मी जवळ गेले तेव्हा त्यानं पापण्या मिटल्या, उघडल्या. ओठ थोडे हलतात अजून. पाणी मागितलं. मी पाजलं, अर्धं गळ्यावर सांडलं. डॉक्टरांच्या दवाखान्याबाहेर रांग होती आणि रांग पुढं सरकत नव्हती. आधी वाटलं, गर्दी आहे.

दूध नाही मिळालं.

६ मार्च

भिंगकाकांच्या मुलीचा फोन. काका कुशीवर झोपले होते, तसेच राहिले. तोंड भिंतीकडे. तिला एकटीला वळवता येत नाहीत. मी जायला हवं होतं. माझे गुडघे—

मॅडमचाही फोन आला. शेजारीण रिसीव्हर कानाशी धरून होती. मॅडमचे शब्द दातांतून येत होते. "आडवी होऊ नकोस. बसून राहा. आडवं झालं की नुसतं छत दिसतं."

फोन चालूच होता. कुणीतरी श्वास घेत होतं, लहान लहान.

७ मार्च

बरगड्यांनाही सांधे असतात. हे मला कसं सुचलं नव्हतं—

ताईला सांगितलेलं नाही.

८ मार्च

पेन मुठीत धरून लिहितेय. अक्षर बघून ताई हसली. जबडा फार उघडत नाही, पण हसली. रस्त्यावर आवाज नाही. बसही नाही. एक कुत्रं आहे दारात, बसलेलं.

ताई मशीनच्या खुर्चीत. उठता येत नाही. मी स्टूल ओढत तिच्यापर्यंत आले. खूप वेळ लागला.

ताई म्हणते, कसं बसायचं ते आताच ठरवू, नंतर हलता येणार नाही. म्हणते, भिंतीकडे नको. खिडकीकडेही नको.

"माझ्याकडे तोंड कर," म्हणाली. "मला तू दिसली पाहिजेस."

वळले. खांदा कडकडला, आतून, साखर चुरडावी तसा. आता दिसतोय तिचा चेहरा. पुरा. तिच्या केसांत दोरा अडकलाय, काढायला हात वर—

नाही जात.

तिचा हात मांडीवर, उघडा. त्यात माझा ठेवायचाय. डावा ठेवला. उजवाही हवा म्हणते. पण मग पेन

थांब म्हटलं, एवढं लिहून— ती थांबलीय. बघतेय. श्वास लहान घेतेय, तिला कळलंय वाटतं. मी सांगितलं नव्हतं, तिला

बोटं सुटत नाहीयेत पेनाव