नखांवरचा गोंद

आपा, तुला आणि घरातल्या सगळ्यांना सलाम.

सोमवारी सकाळी नमाजाआधी हात-तोंड-पाय धुऊन मी तीनदा वुजू केला आणि तिन्ही वेळा तो तुटला. इथे कारखान्यात मी बुटांचे तळ चिकटवतो. तो गोंद नखांवर सुकला की खाली पाणी पोचत नाही. ब्लेडने खरवडला की रक्त वाहतं, मग पुन्हा पहिल्यापासून धुवायचं. तेवढ्यात वेळ टळली आणि मी मोरीतच रडत बसलो.

खोलीतला सोबती म्हणतो, "चाचा, नखं तपासायला अल्ला काय शाळामास्तर आहे?" इमामसाहेबही म्हणाले, निघतच नसेल तर माफ आहे. पण मन मानत नाही. लहानपणी तू पाणी ओतताना म्हणायचीस, "कोपर कोरडं राहिलं रे!" तेच कानात घुमतं.

रोज नमाज पढतो असं मी तुला लिहायचो, ते खोटं होतं. तीन महिन्यांत एकही धड झालेली नाही.

तुझे गुडघे कसे आहेत? माझी काळजी करू नकोस, जेवण वेळेवर होतं.

मुलीच्या लग्नापर्यंत इथेच राहायचं ठरलं होतं. तिच्या आईला आता तूच समजाव. काल मुकादमाच्या हातात एप्रन ठेवला आणि काम सोडलं.

तुझ्या दुवेच्या आशेवर,
तुझा धाकटा भाऊ