दूध येत नाही असं सांगितलं

३ फेब्रुवारी
ठरलं. बाळाला अंगावर पाजायचं नाही! दूध आहे, भरपूर आहे. मलाच नको आहे. पाच दिवस करून बघितलं. ती ओढायला लागली की तिला खाली ठेवून कुठेतरी निघून जावंसं वाटतं. बाटलीने पाजताना मात्र तिच्याकडे नुसती बघत बसते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, निर्णय तुझा, दूध आटायला आठवडा-दोन आठवडे जातील.

गगनने त्याच्या आईला, म्हणजे माझ्या सासूबाईंना, सांगितलं — हिला दूध येतच नाही. भित्रा! मी तरी कुठे तोंड उघडलं?

४ फेब्रुवारी
सकाळी मेथीचा लाडू, दुपारी अळिवाची खीर, रात्री शेपू. शेपूला सासूबाई कन्नडमध्ये सब्बसिगे म्हणतात. सासूबाई म्हणजे शांताक्का. सगळी गल्ली म्हणते, मीही म्हणते. मंडी मोहल्ल्यातलं शिवणाचं दुकान बंद ठेवून बाई गॅसपाशी उभ्या. "सुम्ने, गप खा ग तू. दूध कसं येत नाय बघते मी!"

डॉक्टरीणबाई आटवतायत, सासू वाढवतेय. छातीचा दगड झालाय.

६ फेब्रुवारी
पुन्हा शेपू.

९ फेब्रुवारी
बारसं झालं. नाव इरा. पाळण्यात घातल्याबरोबर तिने टाहो फोडला, आणि माझं रेशमी ब्लाउज भर बायकांत ओलं! बशीएवढे डाग. शेजारच्या अलकावहिनी ओरडल्याच, "अय्यो, एवढं दूध! मत्ते, मग पोरीला डब्याचं?"

शांताक्का माझ्याकडे बघत राहिल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण म्हटलं एकदाचं — "दूध आहे. मला पाजायचं नाहीये."

गगन पेढ्यांचं ताट घेऊन बाहेर सटकला!

११ फेब्रुवारी
शांताक्का बोलत नाहीत. दोन दिवस दुकानातच असतात. जेवायला साधं वरण-भात. चार शिव्या घातल्या असत्या तरी बरं वाटलं असतं. इतक्या राबल्या बिचाऱ्या, आणि मी समोर बसून मुकाट खात होते. पाजायचं नाही याची लाज वाटत नाही, याची वाटते.

१२ फेब्रुवारी
अलकावहिनी आल्या होत्या, अर्थात उपदेश घेऊन. मी आतल्या खोलीत. बाहेर शांताक्का इराला बाटलीने पाजत होत्या. आवाज हळू होता, पण ऐकू आला.

"गगनच्या वेळेला मला पण नको होतं, अलका. नको म्हणता येतंय, हेच ठाऊक नव्हतं मला."