पंपाच्या भिंतीवरची बाई

भाऊ, टीव्हीवरच्या जाहिराती मी आवाज बंद करून बघते. ही सवय बापाची, म्हणजे तुमचीच. चित्रानं एकट्यानं माल सांगितला पाहिजे, असं तुम्ही म्हणायचा. आवाज काढून घेतला की मोठमोठ्या खर्चाच्या जाहिराती कशा उघड्या पडतात, ते तुम्ही बघायला हवं होतं. डोंगर, लग्नं, पावसात धावणारा नट, म्हाताऱ्याच्या डोळ्यात पाणी, आणि शेवटी घाईघाईनं एक खोकं. त्या खोक्यात विमा असो की बिस्किटं, आधीच्या गोष्टीला काही फरक पडत नाही. जी गोष्ट कुठल्याही मालाला चिकटते ती कुठल्याच मालाची नसते, हे मला धुळ्यात तुमच्या शिडीखाली उभी राहून कळलं. म्हणून कुणी आपल्याला रडवायला एवढा खर्च करू लागलं, की मी आधी पदराची गाठ चाचपते.

तुम्ही भिंती रंगवायचा. हायवेच्या वळणावरच्या गोदामाची भिंत तुमची सगळ्यात मोठी. बियाणं, खत, दंतमंजन, सगळं तिच्यावर येऊन गेलं. भिंत पुरी झाली की दुसऱ्या दिवशी तुम्ही मला समोरच्या चहाच्या टपरीवर पाठवायचा. मी तिथं भिंतीकडे पाठ करून उभी राहायचे आणि येणाऱ्या पाच जणांना विचारायचे, "तिकडच्या भिंतीवर काय आहे?" माणूस "खत शे" म्हणाला तर भिंत पास. "बैल शे, भलता झ्याक शे" म्हणाला तर तुम्ही पुन्हा शिडी चढून बैल लहान करायचा आणि पोतं मोठं. चिडायचा नाहीत. बैल कितीही जमलेला असला तरी.

आई गेली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात पाण्याच्या पंपाची भिंत आली. मी दहा वर्षांची. पंपाच्या धारेखाली घागर धरलेली एक बाई तुम्ही काढलीत, आणि तोंड आईचं काढलंत. मला सांगितलं नाहीत, मीही विचारलं नाही. घरात आईचा एकच फोटो, लग्नाच्या घोळक्यातला, त्यात निम्मं तोंड पदराआड. भिंतीवर मात्र ती पुरी होती, हसताना खालचा ओठ जरा दुमडायची तशीच. दुसऱ्या दिवशी मी टपरीवर गेले. पाचही जण बाईबद्दल बोलले. एक ड्रायव्हर तर मलाच विचारत होता, "हाई कोन शे वं पोरी? बठ्ठा गाव देखी ऱ्हायना!" मी घरी आले, तुमच्याकडे न बघता सांगितलं, "पाचही जण पंप म्हणाले."

पंधरा दिवसांनी पंपाचा दुकानदार दारात. "भाऊ, लोक दुकानात येतात आणि बाईचा पत्ता विचारतात. पंप कोणी विचारत नाही." तुम्ही माझ्याकडे बघितलंत. आवाज चढवला नाहीत. "तू मन्हा डोया व्हतीस," म्हणालात. "डोयाच खोटं बोलनात, ते हातस्नी काय करानं?" मग चुन्याची बादली माझ्या हातात दिलीत आणि शिडी खांद्यावर घेतलीत. मी खालून बादली वर देत होते. तुम्ही घागरीपासून सुरुवात केलीत. तोंड शेवटी ठेवलंत. त्यावर दोन हात दिलेत, बाकी सगळ्यावर एकच.

आता मी जळगावला असते. शाळेतली नोकरी संपली, दम देण्याची सवय संपलेली नाही. तुमची नात मुंबईत जाहिरातींचं काम करते. ही भिंतीची गोष्ट मी तिला एकदाच सांगितली होती, ती लहान असताना, तापात होती तेव्हा. मागच्या महिन्यात ती घरी आली, लॅपटॉप उघडला, म्हणाली, "आई, हे बघ. सोमवारी कंपनीला दाखवायचंय. पहिल्यांदाच एवढं मोठं काम माझ्या एकटीवर सोपवलंय. हे पडलं तर परत दुसऱ्यांच्या हाताखाली."

मी बघितलं. धुळ्याच्या वळणावर कधीच नव्हती इतकी सोनेरी धूळ. शिडीवर रंगारी, खाली पोरगी, भिंतीवर बाई. ओठसुद्धा दुमडलेला. तो तिनं कुठून आणला? मीच सांगितलं असणार. रंगारी चुन्याचा ब्रश उचलतो, पोरगी त्याचा पायजमा धरते, त्याचा हात थांबतो. तुमचा थांबला नव्हता. मग दोघं भिंतीखाली बसून चहा पितात. जाहिरात चहाची होती. मी चष्मा पुसला आणि म्हटलं, "आमचं घर विकायला काढलंस की काय?"

"आई, विकत नाहीये. दाखवतेय."

"कंपनी दाखवायला पैसे देत नसते."

तिनं लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. मग म्हणाली, "बरं. आवडलं नाही म्हणून सांग. पण चालेल का, ते सांग. तुझ्याइतकं खरं मला तिकडे कोणी सांगत नाही."

मला दुसरी रीत येत नाही. सकाळी शेजारच्या पाच जणींना बोलावलं, फिल्म दाखवली, लॅपटॉप मिटला, पोहे खाऊ घातले आणि मगच विचारलं, कशाची जाहिरात होती? मागच्या गल्लीत ब्लाउज शिवणाऱ्या चाची डोळे पुसत म्हणाल्या, "बीमे की होगी, और क्या! इतना रुलाते तो बीमाच रहता." सावद्याच्या, केळीवाल्यांच्या घरातल्या वहिनी म्हणाल्या, "सिमेंटची. भिंत व्हती ना त्यात." एक म्हणाली रंगाची. दोघींनी नुसतं "माले रडू उनं" एवढंच सांगितलं. चहा कोणाच्याच तोंडी आला नाही, आणि तोवर पाचही जणींच्या हातात चहाचे कप होते.

माझी पोरगी दाराआड उभी होती. मी तिला तोंडावर सांगितलं, "पाचपैकी एकीलाही चहा दिसला नाही. बाई लहान कर, कपबशी मोठी कर." तिचा चेहरा उतरला. "तुला माझं काहीच आवडत नाही ना?" म्हणाली, आणि दुपारच्या गाडीनं गेली.

आता ती जाहिरात रोज लागते. कपातून वाफ येते, वाफेपलीकडे रंगारी आणि पोरगी फुंकर मारतात. भिंतीवरची बाई डोळ्याची पापणी लवेपर्यंत असते, मग नसते. नाक्यावरचा किराणावाला सांगतो, लोक "तो भिंतीवाला चहा" म्हणून मागतात. पोरीचा फोन आला, काम तिच्याकडेच राहिलं. "आई, तुझ्यामुळे," म्हणाली. मी म्हटलं, "जेवलीस का?"

भाऊ, आईवर दुसऱ्यांदा चुना फिरला, आणि या वेळी बादलीही माझी आणि हातही माझा. खोटं बोलले नाही, एवढं तुम्हाला कळावं म्हणून लिहिलं. कागद तुमच्या ब्रशांच्या डब्यात ठेवते, तुमची सगळी कोरडी हत्यारं आहेत तिथं. जुनी, बाई मोठी असलेली फिल्म मी पोरीकडून मागून घेतली आहे. ती बघताना आवाज बंद करत नाही. आणि एक राहिलं. त्या सकाळी मी पाच जणींना विचारलं, सहावी मी होते. मला कोणी विचारलं असतं, कशाची जाहिरात, तर मी म्हटलं असतं, आईची.