पिवळ्या जिंकला कसा?

३ जानेवारी १९८८, रविवार

नवी डायरी, आणि पहिल्याच पानावर कटकट. कराडहून दाजीकाका आले होते. माझ्यासाठी स्थळ आणलंय. मुलगा सरकारी नोकरीत, घर स्वतःचं, विहिरीला बारमाही पाणी. विहिरीचं तर इतकं कौतुक की लग्न मुलाशी करायचंय की विहिरीशी, कळेना. नाना खूश. फेब्रुवारी संपायच्या आत बघायला येणार म्हणे. मला कोणी विचारलंच नाही. आईने माझ्याकडे बघितलं आणि मुकाट पोहे वाढले.

आईला सु.चं माहीत आहे. नानांना नाही.

सुहास परब, आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर. मुलगा चांगला, नोकरी पक्की, पूर्वी नाना स्वतःच म्हणायचे, पोरगा गुणाचा आहे. पण तो तात्या परबांचा मुलगा. तिथेच वाट लागली.

५ जाने., मंगळ.

ऑफिस सुटल्यावर उडप्याकडे सु. भेटला. दोघांनी मिळून तेच जुनं प्रकरण पुन्हा उगाळलं. इथे एकदा नीट लिहूनच ठेवते. माझ्या मुलांना सांगितलं तर विश्वास बसणार नाही. (मुलं! आधी लग्न तर होऊ दे बाई.)

मे ८४. सु.चा मावसभाऊ दिगू मस्कतहून व्हिडिओ आणि एक कॅसेट घेऊन आला. तिकडच्या टीव्हीवर दर आठवड्याला लागणारी फ्रीस्टाइल कुस्ती त्याने रेकॉर्ड केलेली. परबांच्या खोलीत अख्खी बिल्डिंग कोंबलेली. नाना पहिल्या रांगेत, कारण नाना म्हणजे एकेकाळचे तालमीचे वस्ताद, गिरणीतली पोरं घडवलेले. शेजारी तात्या. दोघं एकाच गिरणीत, एकाच खात्यात, मुलुंडच्या या बिल्डिंगमध्येही एकत्रच आलेले. ताटातली भाकरीसुद्धा वाटून खायचे.

नावं वाचायच्या आधीच पोरांनी पैलवानांचं बारसं केलं. तोंडावर मुखवटा तो मुखवट्या, पिवळी चड्डी तो पिवळ्या. मुखवट्याने पिवळ्याला डोक्यावर उचलून आपटलं. पाठ सपाट. नाना ताडकन उठले. "चीतपट! झाली कुस्ती!" आणि टीव्ही बंद केला! कुस्ती झाल्यावर आखाड्यात कोण थांबतं?

हा गोंधळ. कोणीतरी टीव्ही परत लावला, पण कॅसेट आत फिरतच होती. बघतो तर पंच पिवळ्याचा हात वर करतोय! मधलं काय झालं, कोणालाच दिसलं नाही. मागे नेऊन बघावं, तर तेवढ्यात लाइट गेले. दिगू दुसऱ्या दिवशी व्हिडिओ घेऊन गेला.

नाना म्हणाले, पाठ टेकली तिथेच निकाल, पंच चोर आहे. तात्या हसत म्हणाले, "नान्या, ता सोंग असा रे! दशावतारात राकेस मेलो म्हणान तू काय पोलिसांक बोलवतलंस?" सगळे खो खो हसले. तात्या तरुणपणी गावच्या दशावतारात काम करायचे, बायकांची पार्टं. नानांचा चेहरा लाल. "रातभर लुगडं नेसून नाचणाऱ्यानं मला कुस्ती शिकवू नये."

मग कोणीच हसलं नाही.

तेव्हापासून बोलणं बंद. बिल्डिंगपुढच्या एकाच ओट्याच्या दोन टोकांना बसतात, दोन वेगवेगळे पेपर वाचतात.

९ जाने., शनि.

सु. म्हणतो पळून जाऊ. म्हटलं, कुठे? तळमजल्यावर?

१२ जाने., मंगळ.

आयडिया माझी. ती कॅसेट शोधायची आणि दोघांना एकत्र बसवून राहिलेलं दाखवायचं. पिवळ्या जिंकला कसा, एकदाचं कळू दे. सु. म्हणतो, आणि त्यात नाना चुकलेले निघाले तर? म्हटलं, तर मी कराडला विहीर बघायला जाते.

दिगू सुट्टीवर आलाय. कॅसेट त्याच्या कांजूरमार्गच्या मेव्हण्याकडे असेल म्हणाला.

१७ जाने., रवि.

आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू. परबकाकी आल्या. या दोघींचं कधीच बिनसलं नाही, त्या आपल्या मागच्या गॅलरीतून दोरीला टोपली बांधून सांडगे-लोणची एकमेकींना पोचवतात. काकींनी नानांच्या हातावर तिळगूळ ठेवला. "ह्यांनी पाठवल्यानी." नानांनी खाल्ला. चांगला कडकड चावून खाल्ला. गोड काही बोलले नाहीत. आई म्हणाली, परत काय पाठवू? नाना म्हणाले, "पाठव की. तीळ जास्त घाल, चिक्कू म्हनंल न्हाईतर."

म्हणजे अजून त्याच्या म्हणण्याची काळजी आहे!

२२ जाने., शुक्र.

कांजूरला कॅसेट नाही. मेव्हण्याने बोरीवलीच्या साडूला दिली. साडूने ती कोणाला दिली ते त्याच्या बायकोला माहीत, आणि बायको माहेरी. हे लोक कॅसेट बघतात की लंगडी खेळतात?

३१ जाने., रवि.

मिळाली!! साडूची बायको परतल्यावर कळलं, कॅसेट त्यांच्या शेजारीच होती. सु. बोरीवलीला जाऊन घेऊन आला. वर चिठ्ठी चिकटवलीय, "चि. पिंकीचे बारसे".  कुस्तीवर बारसं रेकॉर्ड केलंय म्हणे, पण साडू म्हणतात अर्ध्याच कॅसेटवर. कुठलं अर्धं ते त्यांनाही माहीत नाही. सु. म्हणतो आधी बघून घेऊ. मी नको म्हटलं. आपण आधी बघितलं की मग तोंडावरून कळतं. मला तर खोटं बोलताच येत नाही, कान लाल होतात.

कराडहून निरोप आला, २८ फेब्रुवारी नक्की.

४ फेब्रु., गुरु.

नानांना कसं आणायचं? परबांचा उंबरा चढणार नाही अशी शपथ घेतलीय. तात्यांनी तशीच आमच्या उंबऱ्याची. शेवटी आईनेच डोकं चालवलं. सोसायटीच्या ऑफिसात ठेवू, ते कोणाच्याच बापाचं नाही.

नानांना मी सांगितलं. त्यांनी पेपर खाली ठेवला. मग, "पंच काय म्हनतो त्ये बगायला येतो. बाकी कुनाशी मला देनंघेनं न्हाई."

खाली सु.ने सांगितलं. तात्या म्हणाले, "माका काय, मी टाळ्ये मारूक येतंय."

७ फेब्रु., रवि.

लिहिते. अजून हसू आवरत नाहीये.

दुपारी जेवणं झाल्यावर सगळे ऑफिसात. व्हिडिओ भाड्याचा, टीव्ही परबांचा. नानांनी टीव्ही ओळखला, पण टीव्हीशी आपलं भांडण नाही म्हणाले. ते भिंतीपाशी डावीकडे, तात्या उजवीकडे, मध्ये आई आणि काकी, दोन देशांमधल्या लष्करासारख्या.

आधी पिंकी. पाळणा, कुर्र्, घुगऱ्या. संपेचना. एका बाईने तर पाळण्याचं गाणं सगळी कडवी म्हटली. नाना घड्याळ बघायला लागले.  आणि पिंकीच्या आत्याने नाव सांगायला तोंड उघडलं नि खर्र्र होऊन एकदम आखाडा! पिवळ्या थेट मुखवट्याच्या डोक्यावर! पोरांनी शिट्ट्या मारल्या.

आपटला. पाठ सपाट. सगळ्यांच्या माना नानांकडे. नाना उठले नाहीत. पुढे सरकले.

"मागं घे रं."

सु.ने मागे घेतलं. पुन्हा. आणखी पुन्हा. नाना टीव्हीला नाक लावून. मग हळू आवाजात म्हणाले, "त्याचा हात बगा. टाकताना मानंखाली हात दिलाय त्यानं. मान सांबाळलीया. नव्या पोराला तालमीत आपन असंच टाकतो, लागू नये म्हनून." मग पुन्हा एकदा मागे घ्यायला लावलं, आणि, "म्हंजी ही दोगं मिळून करत्यात. सोंगच हाय ह्ये. पन सोपं न्हाई, बरं का. एवढा गडी उचलून असा अलगद ठेवायचा, मला न्हाई जमायचं."

नाना! सोंग म्हणाले! मी सु.कडे बघितलं. मला वाटलं, जिंकलो. आता तात्या हसतील, नाना ओशाळतील, चहा होईल.

पण तात्या हसेचनात. त्यांनी हात वर केला. "गप. फुडे बघ."

पुढे म्हणजे तेव्हा न दिसलेलं. पिवळ्या उठायला गेला आणि गुडघा असा वाकडा झाला की काकी "आई गं" म्हणाल्या. तो कडेच्या दोराला धरून पाठमोरा उभा राहिला. तात्या उठून उभे. "ह्या सोंग न्हय. माका सोंग कळता. सोंगातलो माणूस दुखलो की लोकांका तोंड दाखवता. ह्येणी तोंड लपवल्यान. ह्येका खराच लागला."

मग मुखवट्या त्याच्याजवळ गेला, खांद्याला धरलं, वाकून कानात काहीतरी बोलला. पिवळ्याने एका पायावर त्याला नुसतं ढकललं. मुखवट्या धाडकन उताणा. पंचाने एक-दोन-तीन मोजलं. पिवळ्याचा हात वर. संपलं. पुन्हा पिंकी.

नाना म्हणाले, "त्यानं सोडून दिली. गडी दुखावला बगून आपन हून पडला. मानूस मोठा."

तात्या, "खयचो सोडून देता? एका पायावर मारल्यान! खरी मारल्यान!"

"आरं सोंग हाय म्हनतोय न्हवं मी!"

"आणि मी सांगतंय सोंग न्हय!"

"तवा तूच म्हनालास सोंग!"

"तेव्हा तू बघूक दिलंस खय!"

आरडाओरडा इतका की दुसऱ्या मजल्यावरच्या बाई बघायला आल्या, कोण कोणाला मारतंय. काकींनी तोंडाला पदर लावला होता. मला वाटलं रडताहेत. हसत होत्या. आई माझ्या कानात म्हणाली, "भांडू दे गं. बोलताहेत ना!"

८ फेब्रु., सोम.

ऑफिसला निघाले तर ओट्यावर दोघं. एकाच टोकाला. पेपर एकच, तोही घडी घातलेला. "ढकलला त्ये बगितलंस, जोर कुटं होता त्यात?" "जोर लागता कित्याक? वेळ साधलान!"

झकास.

१४ फेब्रु., रवि.

आठवडाभर तेच. सु. म्हणतो आता विचारू. कधी विचारणार? मध्ये शिरायला फटच नाही. काल सु. नुसता "तात्या, एक बोलायचं होतं" म्हणाला तर दोघांनी त्याला बसवून घेतलं आणि मुखवट्या स्वतः पडला की पिवळ्याने पाडला, यावर त्याचं मत मागितलं. हा गाढव म्हणाला, दोघांचंही बरोबर आहे. दोघं मिळून त्याच्यावर चिडले.

कराडवाल्यांना दोन आठवडे राहिले.

१९ फेब्रु., शुक्र.

संध्याकाळी गॅलरीत कपडे काढत होते. खाली ओट्यावर दोघं, आज आवाज नव्हता म्हणून कान दिला.

नाना म्हणाले, "तू पार्ट करायचास तवा, पडायचं असंल तर कोन धरायचं तुला?"

"कोण धरतलो? आपलो आपण पडाचा."

"लागायचं?"

"लागायचा तर! लुगड्यात पाय अडाकलो की आणखी."

नानांनी खिशातून तंबाखूची डबी काढली, मळली, आधी तात्यांपुढे धरली. तात्यांनी चिमूट घेतली.

मी वाळलेला टॉवेल छातीशी धरून तशीच उभी. मला नाना इतके आवडले आज, इतके आवडले.

२१ फेब्रु., रवि.

काकींनी काल तात्यांना आमचं सांगितलं. सु.ला घाम फुटलेला. तात्या काकींना एवढंच म्हणाले म्हणे, चांगलोसो नारळ काढ.

आज दहाच्या सुमारास तात्या जिना चढून वर आले. धुतलेलं धोतर, हातात नारळ. मागे सु., रंग उडालेला. नाना दारात. तात्यांनी घसा साफ केला. नानांनी त्यांना तोंडच उघडू दिलं नाही. "मी काय म्हनतो, त्यानं कानात सांगितलं त्ये आधीच ठरलं हुतं. आधी तेवढं कबूल कर, मग काय बोलायचं त्ये बोल."

"मी मेलंय तरी कबूल करूचंय नाय!"

झालं. एक उंबऱ्याच्या आत, एक बाहेर, नारळ मध्ये. सु. भिंतीला टेकलेला. आईने चहा टाकला, तो गार झाला, दुसरा टाकला.

मग माझं डोकं फिरलं. बाहेर आले आणि मोठ्याने म्हटलं, "कोणी काही कबूल करायचं नाही. निकाल लागला की तुम्ही दोघं परत गप्प बसाल. याचा निकाल लावायचाच नाही, कळलं?"

 मी स्वतःच घाबरले. वस्तादांवर कोणी असं ओरडत नाही.

नानांनी माझ्याकडे बघितलं. मग सु.कडे. मग नारळाकडे, बराच वेळ. "आनि कराडवाल्यांना काय कळवू?"

माझे कान लाल झाले, मला आरशाशिवाय कळलं.  आई आतून म्हणाली, "अहो, नारळ घेऊ का?"

नाना तिला हो म्हणाले नाहीत, नकोही म्हणाले नाहीत. बाजूला सरकले आणि म्हणाले, "आदी त्याला आत तर येऊ दे. चारएक वरसं झाली, उभाच हाय गडी."

तात्यांनी चपला काढल्या. आत येऊन खुर्चीवर बसले, नारळ टेबलावर ठेवला. सु. अजून दाराबाहेर, त्याला कोणी ये म्हटलं नाही. मी चहाचे कप आणायला आत आलेय आणि इथेच स्वयंपाकाच्या ओट्यावर डायरी ठेवून लिहितेय. बाहेर कोणीच भांडत नाही. इतकी शांतता मला सोसत नाहीये. आई म्हणते कप घेऊन तू जा, बघायला आले की चहा मुलीनेच न्यायचा असतो, मी म्हणते तू जा.