बंगल्यातला पाडवा

वाटूर,
१४ सप्टेंबर २०२५

चि. सुग्रीव यास सत्यशीलाताईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू प्रत्येक गोष्टीला हो म्हणतोस आणि विसरतोस, म्हणून कागद घेतला. इकडे सगळे ठीक. तुझ्या दाजींचा गुडघा कुरकुर करतो आणि ते माझ्यावर.

सूनबाईने आपल्या बंगल्याचे फोटो दाखवले. ज्या खोलीत आपण थंडीत कोकरं ठेवायचो, तिथे टेबल मांडून काटे-चमचे लावलेत आणि ‘भोजनगृह’ अशी पाटी आहे. आपल्या घरात खोकल्याच्या औषधाशिवाय कोणी काही चमच्याने घेतलेलं मला आठवत नाही. असो, संग्रहालयाचा व्यवस्थापक तू, तुला जास्त माहीत.

विचारायचं एवढंच की पाडव्याचं काय ठरलं? खापरपणजोबांनी जालन्याच्या छावणीतल्या गोऱ्यांना मेंढरं आणि घोंगड्या पुरवून पैसा केला, राणीच्या राज्यात साहेबासारखा बंगला बांधला, पण वास्तुशांतीला पहिला पाय मेंढरांचा पडला. तेव्हापासून दर दिवाळी पाडव्याला कळप पुढच्या दाराने आत येतो आणि दिवाणखान्यातून मागच्या दाराने बाहेर जातो. आता मेंढरं फक्त केदारखेड्याच्या सांडूकाकांकडे उरलीत. बंगला ट्रस्टला देताना ते सहीच करत नव्हते. पाडवा चुकणार नाही असा शब्द तू दिलास, म्हणून केली.

उत्तर जल्दी धाड. लेकरांना माझे पापे.
तुझी,
ताई

टेंभुर्णी,
२३ सप्टेंबर २०२५

ती. ताईस सुग्रीवचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र मिळालं, टोमणेही पोचले.

पाडव्याचं खरं सांगतो. करारनाम्यात ते घालायचं राहूनच गेलं. मेंढरं पाडव्याला येणारच, ते काय लिहून घ्यायचं, असं वाटलं. ट्रस्टच्या प्रियदर्शनी मॅडम म्हणतात की कळपाचं चित्रीकरण करून पडद्यावर दाखवू, पण आत नको, फरशी खराब होईल. मी बरं म्हणालो. ताई, मला बंगला आवडतो गं. तो पडायला आलेला मी रोज पाहत होतो. फरशी घासून पॉलिश झाली आणि रंगीत काचांचा उजेड तिच्यात उतरला, तेव्हा मला रडू आलं होतं.

काकांना अजून बोललो नाही. तू सांगितलंस तर ते ऐकतील.

दाजींना नमस्कार. रागावू नकोस.
तुझा,
सुग्रीव

वाटूर,
१ ऑक्टोबर २०२५

चि. सुग्रीवास आशीर्वाद.

मी काकांना काही सांगणार नाही. परवा ते इथे आले होते. अंगणात बसून सगळ्यांना सांगत होते की यंदा मेंढरं लई नटवून नेतो, आमच्या सुग्र्यानं बंगला चमकवून ठेवलाय, मंग आपण कळकट कसं जायचं. ते बोलत होते आणि मी चहाचं निमित्त करून आत गेले. एक तर मॅडमना स्पष्ट सांग, नाहीतर काकांना. शब्द तुझा आहे.

तब्येतीला जप. माया आहे म्हणूनच बोलते.
ताई

टेंभुर्णी,
२४ ऑक्टोबर २०२५

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

मी मॅडमना सांगितलं. नोकरी गेली तरी चालेल असंही म्हणालो. त्यांनी थोडा विचार केला आणि पाडव्याची सकाळ आपल्याला देऊन टाकली. दारात रांगोळीसुद्धा त्यांनीच काढली.

काका कळप घेऊन आले. मेंढरांना गेरूचे पट्टे, गळ्यात नवी घुंगरं. पुढचा मेंढा उंबऱ्यापर्यंत ऐटीत आला. मान खाली घातली, फरशीत त्याला त्याचीच शिंगं दिसली आणि तो मागे सरला. काकांनी चुचकारलं, कान धरून ओढलं. गोरक्षनाथाने, त्यांच्या मुलाने, एक कोकरू उचलून आत नेऊन ठेवलं, म्हणजे आई मागे येईल. त्याचे पाय चारी बाजूंना घसरले आणि ते बसल्या जागी ओरडायला लागलं. त्यासरशी अख्खा कळप वळून रस्त्याला लागला. काका म्हणाले की जाऊ दे, मेंढरायला जबरदस्ती करायची न्हाई.

मग त्यांनी दाराबाहेर चपला काढल्या. त्या दारात आपल्यापैकी कोणी कधी चपला काढल्यात का? हात मागे बांधून, पाहुण्यांना अडवायला लावलेल्या दोऱ्यांच्या बाहेरून त्यांनी सगळ्या खोल्या पाहिल्या. बाकावर बसलं तर चालेल का, असं आपल्या पहारेकऱ्याला विचारलं. निघताना मला म्हणाले की लई छान ठेवलं तुम्ही. मला ताई, मला त्यांनी तुम्ही म्हटलं.

दोन दिवस झाले, जेवण जात नाही. दोन ओळी तरी लिही.
सुग्रीव

वाटूर,
२ नोव्हेंबर २०२५

चि. सुग्रीवास ताईचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून रडले. तू शब्द पाळलास, मॅडमनी मान ठेवला, काकांनी राग धरला नाही. भांडायला कोणी उरलंच नाही, म्हणून जास्त रडू आलं. तू जेव मात्र. एवढ्या वर्षांनी घर पडता पडता वाचलं, तेही काही थोडं नाही.

काकांचा निरोप आहे की पुढचा पाडवा केदारखेड्याला, त्यांच्या मेंढरांच्या पत्र्याच्या वाड्यावर. मी सकाळीच पोचणार आहे, तूही लेकरांना घेऊन ये.

परतताना टेंभुर्णीला यावं म्हणते. बंगला मलाही पाहायचा आहे. कोणत्या वारी बंद असतो, तेवढं कळव.

तुझ्यावर आहे तशीच माया ठेवणारी,
ताई